बालविकास शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एका प्राथमिक शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या डी.एल.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांत बालविकास शिकवणारे सर आणि मॅडम यांना

सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. नोकरीला चोवीस वर्षं झाली. दरवर्षी तुमचे छात्राध्यापक इंटर्नशिपला आमच्याकडं येतात. पाठ टाचणं काढतात, सराव पाठ घेतात, फाईलवर मुख्याध्यापकांची सही घेतात आणि जाताना वर्गात लावायला एखादा तक्ता देऊन जातात. पोरंपोरी मनापासून काम करतात, मुलांना जीव लावतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जे सांगायचं आहे ते तुम्हालाच सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

यंदा आलेल्या एका मुलीची फाईल मी नीट वाचली. ‘बालविकासाच्या सिद्धांतांची तुलना’ असं प्रात्यक्षिक होतं. चार मानसशास्त्रज्ञांचे चार उभे रकाने आखलेले: पियाजे, वायगॉट्स्की, एरिकसन, कोहलबर्ग. डावीकडं मुद्दे: जन्म, देश, अवस्था किती, वयोगट, शैक्षणिक महत्त्व, मर्यादा. अक्षर मोत्यासारखं. सगळ्या चौकटी भरलेल्या. मला त्यात एकही मूल दिसलं नाही.

त्याच मुलीनं माझ्या वर्गात पियाजेंचा पाण्याचा प्रयोग केला. दुसरीतल्या एका पोरीला समोर बसवलं. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी ओतलं आणि विचारलं, “दोन्हीत सारखं आहे का?” पोरगी हो म्हणाली. मग एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या बाटलीत ओतलं आणि पुन्हा विचारलं, “आता सारखं आहे का?” पोरगी थोडी थांबली, बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि बाटलीकडं बोट केलं. “ह्यात जास्त.” फाईलमध्ये नोंद झाली: ‘वय ७ वर्षे. पूर्वक्रियात्मक अवस्था. परिमाणाचे संधारण आढळले नाही.’ म्हणजे भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हे तिला अजून कळत नाही. प्रयोग झाला, गुण मिळाले.

ही पोरगी मला माहीत आहे. घरी दोन म्हशी. संध्याकाळी आजीबरोबर दूध संस्थेत किटली घेऊन तीच जाते. चार दिवसांनी मी त्या वाटेनं परतत होते, तर ती रांगेत उभी. किटली काठोकाठ भरलेली दिसत होती. मी सहज म्हटलं, “आज लई दूध दिलं की गं म्हशीनं.” ती हसली. “न्हाई बाई, फेस हाय त्यो. बसला की कालच्याएवढंच.” फेसानं किटली भरलेली दिसते आणि माप मात्र तेवढंच भरतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग मी माझ्यापरीनं एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घरून आणलेलं दूध दोन ग्लासांत ओतलं, मग एका ग्लासातलं बाटलीत. प्रश्न एकदाच विचारला, ओतून झाल्यावर. ती म्हणाली, “तेवढंच. पर ह्यात जास्त दिसतंय.” पाण्याचं विचारलं तेव्हा परत घुटमळली. शेवटी मी विचारलं, त्या दिवशी मॅडमना जास्त का सांगितलंस? तिचं उत्तर मी शब्दशः लिहून ठेवलं आहे: “त्यांनी दोनदा इचारलं न्हवं. मग पयलं चुकलं आसंल आसं वाटलं.”

सर, मॅडम, या एका वाक्यात तुमच्या तुलनेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

वर्गात शिक्षक तोच प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा पहिलं उत्तर चुकलेलं असतं, हे आमच्या मुलांना पहिलीच्या दिवाळीपर्यंत पाठ झालेलं असतं. मूल प्रश्नाचं उत्तर देतं तसं प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसालाही उत्तर देतं. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या दोघींनी हाच प्रश्न एकदाच विचारून पाहिला, तर मुलांच्या चुका कमी झाल्या. त्याच सुमाराला मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक खोडकर टेडी आणला. मांडलेल्या सोंगट्यांची ओळ बाईंनी न हलवता त्या टेडीनं विस्कटली. तेव्हा बऱ्याच जास्त मुलांनी सोंगट्या तेवढ्याच आहेत असं बरोबर सांगितलं. डोनाल्डसन यांनी १९७८ साली यावर सविस्तर लिहिलं. तुमच्या विद्यार्थिनीच्या ‘मर्यादा’ या चौकटीत एकच ओळ होती: ‘सांस्कृतिक घटकांकडे दुर्लक्ष.’ ती ओळ चूक नाही. पण ती वाचून तिला त्या पोरीचं थांबणं आणि तोंडाकडं बघणं दिसलं नसतं.

पियाजे चुकले असं मी म्हणत नाही. उलट, तुम्ही त्यांना शिकवता त्याहून ते फार मोठे आहेत असं माझं मत झालं आहे. विशीत पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेण्याचं काम त्यांच्याकडं होतं. किती उत्तरं बरोबर आली हे मोजायचं सोडून ठरावीक वयाची मुलं ठरावीक तऱ्हेनंच का चुकतात, याचं त्यांना नवल वाटलं. स्वतःच्या तीन लेकरांच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या. मुलाशी बोलताना ते उत्तरावर थांबत नसत, ‘कशावरून?’ हे विचारत. आमच्या वर्गात झालेल्या प्रयोगात तो ‘कशावरून’ नव्हता. आणि रूप बदललं तरी माप तेवढंच, ही समज सगळ्या गोष्टींत एकदम येत नाही, आधी मातीच्या प्रमाणात, मग तिच्या वजनात, त्यानंतर घनफळात येते, हे पियाजेंनीच नोंदवलेलं आहे. गाईडमध्ये मात्र ही समज येते त्या अवस्थेला ‘७ ते ११ मूर्त क्रियात्मक’ अशी कुंपणं घातलेली असतात, जणू सातवा वाढदिवस झाला की मुलाच्या डोक्यात बटण दाबलं जातं.

मग दूध कळतं आणि पाणी कळत नाही, हे काय आहे? समज आहे, की रोजच्या कामातून बसलेली सवय? मला ठामपणे सांगता येत नाही. पण दोन सिद्धांत समोरासमोर ठेवायला यासारखी जागा नाही. पियाजेंच्या बाजूनं बघणारा म्हणेल, तिला कारण विचारा. दूध परत किटलीत ओतलं तर काय होईल, हे तिला मनात उलटं फिरवता येतं का ते बघा. वायगॉट्स्कींच्या बाजूनं बघणारा आजीचा हात बघेल: माप कुणी धरलं, ‘फेस बसू दे’ हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आले, आणि आता ते पोरीचे कसे झाले. १९६९ साली मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे त्यांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगलं कळत होतं, आणि फरक सगळ्यात ठळक होता तो मातीच्याच बाबतीत. तुमच्या महाविद्यालयापासून गंगावेशीची किंवा शाहूपुरीची कुंभार गल्ली किती लांब आहे? गणपतीच्या आधी दोन महिने तिथं सात-आठ वर्षांची पोरं शाडूचे गोळे मळत बसलेली असतात. छात्राध्यापकांना एक दिवस तिथं न्या. प्रश्न तयार करू द्या. काय निघतं ते मलाही ऐकायचं आहे.

आता स्वतःबद्दल लिहिते. वीस वर्षं मी वर्गात “मनात वाच, मनात मोज” म्हणून ओरडत आले. एक मुलगा वजाबाकी करताना सतत पुटपुटायचा. “तेरातनं पाच... बोटं संपली... ह्या हाताची तीन ऱ्हायली...” शेजारच्याला त्रास होतो म्हणून मी त्याला कितीदा तरी गप्प केलं. गप्प झाला की त्याचं गणित चुकायचं. माझ्या डी.एड.च्या वहीत या पुटपुटण्याला ‘अहंकेंद्री भाषण’ असं नाव होतं आणि ते वयानुसार नाहीसं होतं एवढं मला पाठ होतं.

हीच ती जागा, जिथं पियाजे आणि वायगॉट्स्की या दोघांचं खरोखर भांडण आहे. दोघांचा जन्म एकाच सालचा, १८९६. एक जीवशास्त्रातून आलेले, लहानपणापासून शंखशिंपले गोळा करणारे. दुसऱ्यांना साहित्याचं आणि नाटकाचं वेड, पुढं अपंग मुलांमध्ये काम केलेलं. लहान मुलाचं स्वतःशी बोलणं पियाजेंना दुसऱ्याचा विचार अजून न जमल्याची खूण वाटलं. मूल माणसांत मिसळेल तसं ते मागं पडतं. वायगॉट्स्कींना ते विचार करण्याचं हत्यार वाटलं, जे पुढं मरत नाही, आत जातं. नुसतं मत देऊन ते थांबले नाहीत. चित्र काढणाऱ्या मुलासमोर मुद्दाम अडचण उभी केली. हवी ती पेन्सिल नाही, कागद कमी. तेव्हा मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. अडलं की पोर मोठ्यानं विचार करतं. १९३४ साली, सदतिसाव्या वर्षी, वायगॉट्स्की क्षयानं गेले. पुढं त्यांचं लिखाण त्यांच्याच देशात वीसेक वर्षं दाबलं गेलं. पियाजेंचं त्या टीकेवरचं उत्तर छापून आलं ते १९६२ साली.

हे मला कळलं तेव्हा मी आठवडाभर वर्गात वही घेऊन बसले. सोपी गणितं आणि अवघड गणितं आलटून पालटून दिली आणि त्या मुलाच्या ओठांकडं बघत राहिले. सोप्या गणितांना ओठ हलत नव्हते. हातच्याचं गणित आलं की सुरू. एका मुलावरून सिद्धांत ठरत नाही हे मलाही कळतं. पण त्या आठवड्यानंतर मी “मनात मोज” म्हणणं बंद केलं. पुटपुटणारी मुलं आता खिडकीकडच्या ओळीत बसतात आणि हवं तेवढं पुटपुटतात. डी.एड.ला असताना मला कुणी हे भांडण दाखवलं असतं, तर किती पोरांचं तोंड मी बंद केलं नसतं. हे मनाला लागून राहिलं आहे.

कोहलबर्गबद्दल थोडक्यात. त्यांच्या नैतिक विकासाच्या पायऱ्या ज्या मूळ अभ्यासातून आल्या, त्यात ७२ जण होते आणि ते सगळे मुलगे होते, शिकागोकडचे. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली यावरच बोट ठेवलं. तुमच्या वर्गात बसलेल्यांत मुलीच जास्त असतील. त्यांना हे सांगत चला. आणि ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द वायगॉट्स्कींचा म्हणून गाईडमध्ये छापतात, तो त्यांचा नव्हे. वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातला तो आहे. गवंडी बांधकामाला परांची बांधतो तसा शिकणाऱ्या मुलाला दिलेला आधार, आणि भिंत उभी राहिली की ती काढायची असते. आमच्याकडं बांधतात सगळे, काढायचं विसरतात.

एरिकसनच्या रकान्यात त्या मुलीनं लिहिलं होतं: ‘६ ते १२ वर्षे, उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड.’ दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या मागच्या माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. बीडकडची माणसं. त्यांतली चार-पाच मुलं आमच्याकडं बसतात, मार्चमध्ये जातात. गेल्या हंगामात एक नऊ वर्षांचा मुलगा होता. बैलांना पाणी दाखवायचा, वाढं बांधायचा, धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन शाळेत यायचा. फडावर त्याच्याएवढं कामाचं पोर नाही असं मुकादमच सांगत होता. वर्गात मात्र त्याला जोडाक्षर वाचता येत नव्हतं, आणि तो मागच्या भिंतीला पाठ लावून मान खाली घालून बसायचा. एका दिवसात, दोनशे पावलांच्या अंतरात, तोच मुलगा एरिकसनच्या दोन्ही टोकांना जाऊन यायचा. मग या मुलाच्या बाबतीत ‘अवस्था’ कुठं शोधायची, मुलात की त्या दोनशे पावलांत?

इथं मला ब्रॉन्फेनब्रेनर हे मानसशास्त्रज्ञ उपयोगी पडले, जे बहुतेक फायलींत पाच वर्तुळांच्या आकृतीपुरते येतात. १९७९ साली त्यांनी मांडलं की मूल जिथं कधी पाऊल ठेवत नाही अशा ठिकाणच्या घडामोडीही त्याला घडवतात. गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मुंबईतल्या बैठकीत ठरतं. ती तारीख पुढं-मागं झाली की हा मुलगा पहिलं सत्र गावाकडच्या शाळेत पुरं करतो किंवा अर्ध्यात सोडतो. बापानं मुकादमाकडून किती उचल घेतली, यावर तो परत कधी जाणार ते ठरतं. मधल्या वर्तुळात अशा ठिकाणांना ‘बाह्य प्रणाली’ असं नाव लिहून गुण मिळतो. बैठकीची तारीख आणि त्या मुलाचं हजेरीपत्रक शेजारी ठेवलं तर सिद्धांत कळतो.

आणि एक खंत बोलून दाखवते. या सगळ्या रकान्यांत आपलं माणूस एकही नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, ते पुढं कोसबाडला गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली. माँटेसोरींच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख, पानं आली. माँटेसोरी आणि ताराबाई यांची तुलना करा असा प्रश्न मी कधी पाहिलेला नाही. आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी शिक्षक घडवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. जे आयुष्यभर शिकवलं ते मुलांसमोर तपासून बघावंसं त्यांना वाटलं. त्या शाळेच्या गावात आपण मुलाला न बघता बालविकास शिकवतो, हे मला सहन होत नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम तुम्ही एकटे ठरवत नाही. वर्गात पन्नास जण असतात आणि पोरांचा डोळा टीईटीवर, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवर असतो. त्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राला आहेत आणि ‘पुढीलपैकी कोणती अवस्था’ याचं उत्तर पाठ करूनच येतं, असं त्यांना वाटतं. नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणाऱ्या १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आमच्या स्टाफरूममध्येही तीच गाईडं आली आहेत. वीस-वीस वर्षं मुलांत घालवलेल्या बायका मधल्या सुट्टीत एकमेकींना अवस्था म्हणून दाखवतात. मीही त्यांतलीच. पण ज्या मुद्द्याला माझ्या मनात एखादं मूल चिकटलेलं आहे, तो मला पाठ करावा लागत नाही.

म्हणून विनंती अशी. बी.एड.च्या दोन वर्षांत इंटर्नशिपचे वीस आठवडे आहेत. त्यातलं एक प्रात्यक्षिक बदला. प्रत्येक छात्राध्यापकाला एक मूल द्या आणि एक वही. मुलाचं नाव वहीत नको, आणि नोंदी आईबापांना विचारूनच. आठवड्यातून दोनदा अर्धा तास फक्त बघायचं आणि जसं घडलं तसं, मुलाच्या बोलीत, लिहायचं. ‘हट्टी आहे’, ‘हुशार आहे’ असे शब्द पहिले दोन महिने बंद. मग शेवटी त्यातला एकच प्रसंग निवडायचा आणि दोन सिद्धांतांसमोर ठेवायचा: हा काय बघेल, तो काय बघेल, दोघांचं कुठं जमत नाही, आणि कोण बरोबर हे ठरवायला मी उद्या वर्गात काय करून बघेन. लेखी परीक्षेतही ‘तुलना करा, १० गुण’ याऐवजी असा एखादा प्रसंग छापून द्या. तक्ता आखायचा असेल तर त्यानंतर आखू द्या. तेव्हा प्रत्येक चौकटीत काय लिहायचं याचा त्यांना विचार करावा लागेल.

वह्या तपासायला वेळ लागतो हे खरं. शाळेतल्या नोंदी आम्ही तुमच्याबरोबर बसून वाचू. आमच्या केंद्रातल्या तिघी-चौघींशी मी बोलले आहे, त्या तयार आहेत. पगारी रजा नको, मानधन नको, शनिवारी शाळा सुटल्यावर बसता येईल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिली तुकडी पाठवा. ती दुधाची पोरगी आता तिसरीत जाईल, शाळा तीच आहे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती संस्थेच्या दारात असते. छात्राध्यापकांना तिथं उभं करा, किटली बघू द्या, आणि त्यांना सांगून ठेवा की प्रश्न एकदाच विचारायचा.

आपली नम्र,
करवीर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका